काकूंनी ओमला आई केलं

आख्ख्या नाशकात कुणालाच न भिणारी बाई एकच, ती आमच्या बिल्डिंगीत तळमजल्याला राहते, आणि कुकरच्या शिट्टीलासुद्धा दचकणारी मी नेमकी तिच्या डोक्यावर राहते. आम्ही त्यांना नाटकवाल्या काकू म्हणतो. केस पांढरेफेक, पण काकू पार्किंगात नुसत्या खाकरल्या तरी वरच्या मजल्यावरचं बाळ झोपेतून उठतं. साधं बोलणं त्यांना जमतच नाय. भाजीवाल्याकडं कोथिंबीर मागायची तर कधी महाराणीसारखी मागतील, कधी रडत रडत. एकदा इतकं खरं रडल्या की त्या बिचाऱ्यानं कोथिंबीर तशीच हातात दिली, वर विचारलं, "मावशी, घरी सगळं ठीक ना?" काकू डोळे पुसून म्हणाल्या, "ठीक आहे रे, आज तुझ्यावर प्रयोग केला." लाईट गेली की आम्ही मेणबत्ती शोधतो, आणि काकू अंधारात टाळ्या वाजवतात, म्हणतात आता पडदा उघडणार.

संध्याकाळी गाड्या बाजूला सरकवून काकू पार्किंगात आठवी-नववीच्या पोरांना नाटक शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, तर एखाद्याला सांगतात, खुर्चीशी भांड. पोरगं खुर्चीला शिव्या घालतं, तर म्हणतात, "शिव्या नकोत, कारण सांग. तिनं तुझं काय वाकडं केलं?" मग ते पोरगं हळूहळू खरंच कायतरी सांगायला लागतं, बापाचं, मित्राचं, आणि काकू ऐकूच येत नसल्यासारख्या चपलेचा पट्टा नीट करत बसतात.

माझा ओम नववीत गेला आणि बोलायचाच थांबला. माझं लग्न लवकर झालं, शाळा दिंडोरीला नववीतच सुटली, त्यामुळं अभ्यासाचं विचारायलासुद्धा मी भ्यायचे. जेवतोस का, तर हं. कुठं गेलतास, तर हं. माझ्या तोंडाकडं बघायचाच नाय. कुणाच्या नादाला लागला, मोबाईलवर काय बघतो, काय कळेना, मला वाटलं पोरगा गेला हातातून. शेवटी काकूंच्या दारात जाऊन एका दमात सगळं सांगितलं आणि रडले. काकू म्हणाल्या, "रडतेस छान. पाठव त्याला." हे अंबडच्या कंपनीतून शिफ्ट करून आले, ऐकलं, म्हणाले, "दहावी तोंडावर आलीय, नाटकं कसली? घरात कमी होतात का?" मी हात जोडले तेव्हा म्हणाले, बरं, गणपतीपर्यंत बघू, पोरात फरक नाय पडला तर बंद.

आणि काकूंनी गणपतीच्या नाटकात त्याला काम कुठलं द्यावं? आईचं! मिसरूड फुटलेल्या पोराला! ओम घरी येऊन एवढंच बोलला, "काकू म्हणतात, घरात आई आहे ना, तिला बघ." आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी भाकरी थापतेय, हा ओट्याला टेकून उभा. मी गॅस बंद केलाय का ते परत बघायला गेले, की हा मागं मागं. "आई, शाळेचा फोन आला की तू पहिला हात कुठं ठेवते?" मी म्हटलं मला काय माहीत, तर म्हणाला, "मंगळसूत्रावर. मुठीत धरते." मग विचारलं, "एवढी कशाला भिते गं?" मी सांगत बसले, शाळा कशी सुटली ते, बाईंनी फळ्याकडं बोलावलं की पाय कसे कापायचे ते, आणि भाकरी करपली. आम्ही दोघांनी करपलेलीच खाल्ली.

पण मग मला नवीनच भीती. काकूंना गाठलं. "काकू, हा सगळ्यांसमोर माझी टिंगल करणार हो!"

"करू दे की. त्यासाठी का होईना, बघतोय ना तुझ्याकडं?"

गणपतीत मांडवात आख्खी बिल्डिंग जमली. हे माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसले. ओम माझी अबोली साडी नेसून आला, गॅस बंद केला, चार पावलं गेला, परत येऊन बघितला, परत गेला, आणि लोक पोट धरून हसले. मी पदरात तोंड घातलं. मग नाटकातली आई, रुसून बसलेल्या पोराच्या खोलीपाशी ताट घेऊन गेली. दार वाजवायला हात उचलला, तसाच धरला, खाली घेतला. दाराला कान लावला. मग ताट मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसली. हे काकूंनी सांगितलेलं नव्हतं. असं मी करायचे, दुपारी, हे कामावर असताना, आणि मला वाटायचं आतल्याला काय कळतंय. यांनी हळूच विचारलं, "तू अशी बसायची?" घरी आल्यावर हे ओमला म्हणाले, "नववी संपेपर्यंत जा. दहावीत मात्र नाय." तेवढं तर तेवढं.

यंदा ओमची दहावी, बाकीची पोरंही संध्याकाळी क्लासला जातात, आणि पार्किंगात काकूंसमोर नुसत्या खुर्च्या. परवा मला जिन्यातच धरलं, "यंदाच्या नाटकात राजाचं काम रिकामं आहे, तू कर."

"काकू, मी वाचताना अडखळते."

"मग आपला राजा अडखळतो."

संध्याकाळी पार्किंगात कागद धरून उभी राहिले, आवाज फुटेना. वर गॅलरीतून, मांडीवर पुस्तक तसंच ठेवून ओम ओरडला, "आई, भी की, पण जरा मोठ्यानं भी!" काकूंनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "दहावी झाल्यावर येईल ना गं हा परत?" महाराणीचा नाय, रडका नाय, हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"येईल काकू," मी म्हटलं, आणि राजाचं पहिलं वाक्य वाचायला घेतलं.