ढोलकीवालीचा गळा

कंधारच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती. चर्चमध्ये ढोलकी वाजवणारी बाई. कडबा कापायच्या यंत्रात उजवा पंजाच गेलेला. तरी घास घेण्याआधी डोळे मिटून येशूचे उपकार मानायची. मी तेव्हा चाळिशीची, अकलेची खाण! विचारलं, "अगं, हात गेला, उपकार कशाचे?"

"अक्का, देव वाईटातून चांगलं काढतो. काय काढतो, त्याचीच वाट बघून राहिले."

मी पदराआड हसले.

नाताळात तिनं चर्चला बोलावलं. ढोलकी आता तिची सून वाजवत होती. ही उभी राहून गायली, आणि सगळं चर्च उठून उभं राहिलं.

"बघितलं का, अक्का? ढोलकीपायी माझा गळा मलाच ऐकू आला नव्हता!"

आमेन कुठं म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. तरी सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं.