आपल्याच गाडीचा पाठलाग

आमच्या वडगावच्या घरात खाली माग चालतात आणि माडीवर नात गाडी पळवते. गाडी खरी न्हाय हं, टीव्हीवरची. घाटातला रस्ता, वरून सुटायचं आणि खालच्या पुलापर्यंत उतरायचं, बस्स, एवढाच खेळ. मला पहिल्यांदा वाटलं, यात शिकायचं ते काय? मग शेंगा फोडत तिच्या शेजारी बसायला लागले, आणि बघतच राहिले.

तिच्या गाडीपुढं आणखी एक गाडी पळायची, काचेसारखी आरपार दिसणारी. मी विचारलं, "ही कुणाची गं?"

"माझीच, आज्जी. आजवरची माझी सगळ्यात चांगली फेरी. खेळाचं मशीन ती लक्षात ठेवतं आणि माझ्यापुढं सोडतं."

म्हणजे आपणच पुढं आणि आपणच मागं! लई नवल वाटलं मला. आणि तिचे अंगठे काय सांगू, तांदळाच्या दाण्याएवढे हलायचे आणि गाडी कड्याला चाटून वळायची.

पण कितीतरी महिने ती काचेची गाडी काही मागं पडेना. त्यात तिला बंगळूरची नोकरी लागली, सोमवारी निघायचं ठरलं. बॅग भरता भरता पोर म्हणाली, "जायच्या आधी हिला मागं टाकलं तर मशीन संगट नेणार. न्हाय तर इथंच ठेवून जाते. माझा हात एवढाच, असं समजायचं."

"एवढाच कसा असंल?"

"रस्ता तोच, गाडी तीच. कुठंतरी शेवट असणारच की, आज्जी."

तिची रीत अशी, की गाडी जरा कठड्याला घासली की लगेच खेळ बंद, पुन्हा वरून सुरुवात. मला ते लई पटायचं. आमच्यात तसंच असतं ना. कापडात चूक दिसली की माग थांबवायचा, आडवे धागे चुकीपर्यंत काढायचे, मग पुढं. चूक आत ठेवून विणलं तर ती साडीत कायमची बसते. लहानपणापासून मागाशेजारी वाढलेली पोर, दुसरं काय करणार?

शनिवारी दुपारी करंट गेला आणि आला, तेवढ्यात माझा लेक चहाला वर आला. टीव्हीकडं बघत आपल्या लेकीला म्हणाला, "काय आक्का, तुमची गाडी खाली पोचणार तरी कधी? मी कवाबी येऊ दे, तुम्ही आपल्या वरच्या देवळाच्या वळणावरच!"

त्यानं चेष्टा केली आणि कप ठेवून गेला. पोरीनं मात्र खेळ थांबवला. मग हळूच म्हणाली, "आज्जी, खरंच की. वरची वळणं मला झोपेत येतात. खालच्यांशी माझी ओळखच न्हाय."

त्या संध्याकाळी तिनं गाडी आपटत, घासत, गरगर फिरवत पुलापर्यंत नेली. पुन्हा वर, पुन्हा तशीच खाली. मला बघवेना. "अगं थांब, मागं ये, काढ ती चूक!"

"राहू दे आज्जी. ही साडी विकायची न्हाय."

हसूच फुटलं मला. पण काय धीर म्हणायचा! जे हात इतके सफाईचे, त्यांनी मुद्दाम चुका अंगावर घेत खाली उतरायचं. घरात पिढ्यान्‌पिढ्या न केलेली गोष्ट तिनं एका संध्याकाळी केली.

रविवारी जेवणं झाल्यावर देवळाच्या वळणावर तिची गाडी घासलीच. तिनं थांबवली न्हाय. खाली एकेक वळण असं घेतलं, जसा मागावर धोटा या काठावरनं त्या काठाला सुटावा. पुलाच्या अलीकडं काचेची गाडी बाजूला आली, मग मागं गेली. आम्ही दोघी अशा ओरडलो की खालचा माग थांबवून लेक धावत वर आला, "काय तुटलं?"

मी म्हटलं, "झालं बाई. पोचलीस शेवटाला."

तिनं नुसतं बोट दाखवलं. नवी फेरी सुरू झालती आणि पुढं पुन्हा एक काचेची गाडी, आत्ताची, ताजी. "देवळापाशी घासलीय बघ ही," नात डोळे बारीक करून म्हणाली. "म्हंजे हिला बी गाठता येतंय."

शेवट असंल कुठंतरी, मी न्हाय म्हणत न्हाय. तिला काही तो बघायची घाई दिसली न्हाय. बॅग उघडली, मी दूध आटवून केलेल्या कुंद्याचा डबा बाहेर काढला आणि त्या जागी मशीन बसवलं.

"कुंदा तिथं बी मिळतो, आज्जी."

तसला मिळत न्हाय, हे तिलाही माहीत होतं. मी डबा परत फडताळात ठेवला.