गोवरचं इंजेक्शन आणि शांताताई

शेजारीण बांधावरून ओरडली, "अगं, शांताताई वारल्या. जालन्याच्या दवाखान्यात." मी कापूस वेचत होते. ओटीतला कापूस धरून तशीच उभी राहिले... चारच दिवसांपूर्वी ताई दारात येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या नातीचं नऊ महिन्यांचं इंजेक्शन राह्यलंय. सुनेला कळव." माझा मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, नातही त्यांच्याबरोबर तिकडेच.

ताई म्हणजे आमच्या गावच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या आशाताई. कित्येक वर्षं घरोघर फिरून लेकरांना इंजेक्शनला बोलवत राहिल्या. माझी धाकटी मुलगी तान्ही होती, तेव्हा आम्हीही तोडीला जायचो. इंजेक्शनांचं कार्ड खराब होईल म्हणून मी ते घरीच पेटीत ठेवून गेले. तिकडे उसाच्या फडावर नर्सबाई आल्या. "हिची सगळी इंजेक्शनं झालीत का?" गोवरचं राहिलं होतं, पण चार माणसांत बोलायची लाज, मी नुसती हो म्हणून मान हलवली. पुढच्याच महिन्यात मुलीला गोवर निघाला. अंग भाजत होतं, डोळे उघडत नव्हते. वाचली, पण एका डोळ्यानं तिला अजून अंधुक दिसतं.

गावी आल्यावर ताईंनी कार्ड पाहिलं आणि उंबऱ्यावर बसल्या. "मान काय हलवतीस? नंदीबैल हायेस का?" बाया हसल्या. मला रडू फुटलं. मंग ताईच गडबडल्या, स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं. "कार्ड बराबर न्यायचं. अन् तोंडानं सांगायचं, बाई."

त्यानंतर दर हंगामात तोडीला गेलेल्या आयांना त्या स्वतः फोन करायच्या. आता कोण करणार? त्यांचं दहावं झालं आणि मीच सुनेला फोन लावला.

"आत्याबाई, मुकादम सोडत न्हाई. अन् पोरगी चांगली हाय की."

"त्याला दे फोन."

"कोण बोलतंय?" मुकादमानं विचारलं. फोनवर मान हलवून भागणार नव्हतं. म्हणाले, "दादा, नातीचं गोवरचं इंजेक्शन राह्यलंय. सुनेला उद्या दवाखान्यात जाऊ द्या."

"एवढंच ना, मावशी? जाऊ दे की." तो हसला.

एवढंच. एवढं बोलले नव्हते म्हणून माझ्या मुलीचा डोळा अधू झाला...

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. मागं नात जोरजोरात रडत होती.

"आत्याबाई, इंजेक्शन दिलं. ताप आला तर किती औषध पाजायचं?"

"थांब," मी सवयीनं म्हणाले, "शांताताईंना विचारून सांगते."