सांगलीची फ्लॉपी आणि लाखेचं सील

नव्वदचं दशक सरत आलं होतं. संगणकावरच्या गुन्ह्यांसाठी आपल्याकडे कायदा करायचा होता आणि मदतीला युरोपातून पीटर नावाचे वकील आले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस कसं काम करतात ते त्यांना पाहायचं होतं. दुभाषा म्हणून माझं नाव लागलं तेव्हाच मी दमलो होतो.

पुण्याहून जीपने निघालो. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रखडलो, साताऱ्यात कंदी पेढे घेतले. जाणार असाल तर उंब्रजला चहाला थांबा, मिसळ जपून खा. पीटर ती खाऊन कराडपर्यंत पाणी पीत होते. पुढच्या खड्ड्यांनी माझी कंबर मोडली.

पलूसला तक्रारदार संगीता आणि तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, जीपमध्ये बसले. संगीता कॉम्प्युटर क्लास चालवायची. कुणीतरी परदेशी ई-मेल कंपनीत तिच्या नावाने खातं उघडून तिच्या होणाऱ्या नवऱ्याला घाणेरडे ई-मेल पाठवले होते. लग्न अडलं होतं. मुलाने रागाने मूळ ई-मेल पुसून टाकले. प्रत उरली ती एका फ्लॉपीवर, सांगलीच्या पोलिसांकडे.

"कंपनी सायबांच्या मुलखातली हाय," सुभेदार मला म्हणाले. "ह्यांनी इचारलं की नाव सांगतील न्हवं?"

"आधी फ्लॉपी पाहू," पीटर म्हणाले.

सांगलीत हवालदारांनी ती अदबीने टेबलावर ठेवली. चाकू असो की चांदी, जप्त वस्तू दोऱ्याने बांधून लाखेने सील करायची, ही इथली पद्धत. गरम लाख थेट प्लास्टिकवर ओतली होती. आतली चकती वितळून चिकटली होती.

"नियमानं केलंय सायेब. कुणी हात लावला न्हाई," हवालदार म्हणाले. ते खरंच होतं.

"मग कंपनीलाच इचारा की," सुभेदार म्हणाले.

पीटरनी सांगितलं, त्यासाठी दोन्ही देशांत कायदा हवा, आपसात करार हवा.

"आणि कायदा झाल्यावर?" संगीताने विचारलं.

"आधी घडलेल्या गोष्टीला तो लागू होत नाही," पीटर म्हणाले. हे मराठीत मला सांगावं लागलं. फार वाईट वाटलं. परतताना घेतलेलं भडंग घरी तसंच पडून राहिलं.

घाट, खड्डे, मिसळ सगळं विसरायला झालं. ते एक वाक्य राहिलं. पुढे कायदा आला तेव्हा मी पलूसला फोन केला. लग्न मोडलं होतं, क्लास चालू होता.

"कवापासून लागू हाय?" संगीताने विचारलं. मी तारीख सांगितली, तिच्या ई-मेलांनंतरची.

"मग माझ्या क्लासातल्या पोरींना कायदा सांगते," ती म्हणाली. "आणि फ्लॉपी कापडात गुंडाळून मग सील करायची, हे पण."