कड्यावरचा मुक्काम

सुट्टीत लोक हॉटेलात राहतात, तंबूत राहतात. मी एका कड्याच्या मधोमध अर्धा तास राहिलो आहे.

बायकोला, म्हणजे सुनीताला, कोकणात समुद्रावर जायचं होतं. मी वाईजवळच्या डोंगरावर तंबू ठरवले. (मला पोहता येत नाही, कारण मात्र उन्हाचं सांगितलं.) इस्लामपूरहून सासूबाईही आल्या. तिथं दोरावरून चाळीस फुटी कडा उतरायला शिकवायचे. सासूबाईंसमोर मी बोलून गेलो की कॉलेजात असलं पुष्कळ केलंय. कॉलेजात मी कॅरम खेळायचो.

शिकवणाऱ्या मॅडमनी पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि मागं झुकून सावकाश उतरायला सांगितलं. वीसेक फूट उतरलो आणि चुकून खाली पाहिलं. पाय तिथंच थांबले. मॅडम वरून समजावत होत्या, सुनीता खालून. मी दोघींना सांगितलं की जरा निसर्ग बघतोय. (नाकासमोर दगड होता. तेवढाच निसर्ग!) दहा मिनिटांनी खाली सुनीतानं जेवणाचे डबे उघडले.

शेवटी शेजारच्या दोरावरून कुणीतरी येताना दिसलं. वाटलं, मॅडम आल्या. बघतो तर हिरवी नऊवारी आणि वर हेल्मेट. सासूबाई!

"लय वेळ झाला, म्हनलं बघून यावं," त्या म्हणाल्या.

"आई, मला जमत नाही," मी खरं बोललो.

त्यावर त्यांनी सांगितलं की उसाच्या भरल्या ट्रॉलीवरनं उतरतात तसंच हे, आणि ते त्या चाळीस वर्षं बिनदोराचं करत आल्यात. मग आवाज बारीक केला. "जावईबापू, खाली बघू नगा. माझ्याकडं बघा."

लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासूबाईंच्या नजरेला नजर द्यायचा धीर मला कधी झाला नव्हता. त्या दिवशी दिली. त्या हसत नव्हत्या. डावा, आता उजवा, असं म्हणत गेल्या आणि मी पाय टाकत गेलो.

शेवटी जमीन लागली. जमलेल्या लोकांना सासूबाईंनी सांगितलं, जावईबापूंचा पट्टा दगडात अडकला होता. मग त्यांनी मॅडमना विचारलं, अजून एकदा उतरू का?

त्या आणखी तीनदा उतरल्या. तोवर मी खाली त्यांचा बटवा सांभाळत बसलो, दोन्ही हातांनी, घट्ट. त्या कामात माझा हात धरणारा अख्ख्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही.