पार्बताबाईचा अंगठा

पार्बताबाई मासोळीला आधी गिऱ्हाइकाचा हात लागू द्यायची नाही. "थांबा, मले पाहू द्या," म्हणत स्वतः अंगठ्यानं दाबायची. दाबलेला खड्डा लगेच भरून आला तर मासोळी पाटीत, तसाच राहिला तर बाजूला. "शिळं विकलं तं उद्या कोन्या तोंडानं येऊ?"

कुरखेड्याजवळच्या त्या गावात मी शाळेत शिकवत होते. बोडीतला, म्हणजे गावच्या तळ्यातला, चांगला मासा आधी माझ्या दारात यायचा. मी भाव पाडला की ती पाटी उचलायचं सोंग करायची. "पोरायले शानपन शिकवता अन् इथी माह्याशी भांडता, बाई?"

तिच्या स्वतःच्या घरी मात्र मासा क्वचितच शिजायचा. नवरा गणपतभाऊ पहाटे जाळं टाकायचा, ती दुपारपर्यंत विकायची, आणि त्यांची लेक प्रणाली भात-मिरची खाऊन माझ्या वर्गात येऊन बसायची. मला संताप यायचा. एकदा बोललेच, तर म्हणाली, "मासोळ्या आमीच खाल्ल्या तं तांदूर कायचे आनू?"

नववीच्या पावसाळ्यात प्रणाली एकाएकी भरली. गाल वर आले, हातपाय गोल झाले. आळीतल्या बाया कौतुक करू लागल्या. गणपतभाऊ खूश होता, यंदा पोरगी रोवणीला, भात लावायला, कामाची झाली म्हणून. लेकीला दृष्ट लागू नये म्हणून पार्बताबाईनं तिच्या पायात काळा दोरा बांधला.

दोन-तीन दिवसांनी ती सकाळीच माझ्या दारात उभी. डोक्यावर पाटी नव्हती.

"बाई, घरी चाला."

प्रणाली ओसरीवर बसली होती. दोरा पायात रुतला होता. पार्बताबाईनं दोऱ्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. आम्ही बघत राहिलो, तो भरेना.

"असी मासोळी मी कोनाले देत नाई," ती हळूच म्हणाली.

गणपतभाऊ तिथंच होता. "पोरगी सुधरून राह्यली अन् तू दवाखान्यात नेतं? रोवनी तोंडावर हाये."

"तुमी रोवा. मी पोरीले घेऊन चालली."

ऑटोत चढतानाच प्रणालीला धाप लागली. ओठ पांढरे पडले होते. पार्बताबाई वाटभर तिचा पाय दाबून बघत होती, पुन्हा पुन्हा. शेवटी मी चिडले. "नका दाबू आता."

"मंग काय करू, बाई?"

कुरखेड्याच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. ही तब्येत नाही, सूज आहे, म्हणाले. अंगात रक्तच उरलं नाही, गडचिरोलीला न्या. तिथं रक्ताची पिशवी मिळेपर्यंत दुपार कलली. पोरगी डोळे उघडेना. पार्बताबाई खाटेशी उकिडवी बसून होती. "मले वाटलं पोर भरली. मी साऱ्या आळीत सांगत फिरली, बाई." तिचे हुंदके थांबेनात. मीही रडले.

रक्त चढलं, औषधं सुरू झाली, पोरगी वाचली. त्यानंतर पाटीत एक मासा पानाखाली झाकलेला असायचा. मी हात घातला की म्हणायची, "तो नाई. तो घरचा." बाजारात कितीही मागणी असो, तो मासा तिनं कधी विकला नाही. घरात तांदूळ कमी पडले की ती आणि गणपतभाऊ पेज पिऊन भागवायचे.

बारावीनंतर प्रणाली गडचिरोलीला शिकायला निघाली. एसटी लागली तशी पार्बताबाई सगळ्यांदेखत खाली वाकली, तिनं लेकीच्या सलवारचा काठ वर केला आणि घोट्यावर अंगठा दाबला.

"आई, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे." तिनं अंगठा उचलला. खड्डा भरून आला. "दुसरा पाय दे."

तोही भरून आला.

"जाय आता," म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे वळली.