आधी नाव सांगा

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाईचा एखादा स्क्रू ढिला आहे. हसू नका, तुम्हालाही तेच वाटलं असतं. सकाळी गोळी द्यायला आली आणि दादाला म्हणाली, "नाव सांगा." सांगितलं. दुपारी आली, "नाव सांगा." संध्याकाळी पुन्हा तेच! एरवी दादाशी झकास गप्पा मारायची, त्याच्या दुकानाची चौकशी करायची, आणि गोळ्यांची वाटी हातात आली की जणू हा माणूस आत्ताच कुठून उपटलाय. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं! दादाचा पाय आता हिच्या भरवशावर.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिंपी. लग्न केलं नाही. कात्री आणि शिवणयंत्र एवढाच संसार, आणि डोकं खायला मी. साखरेचं दुखणं जुनं, त्यात पायाला अंगठ्याजवळ जखम झाली आणि ती चिघळली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, भरली तर उत्तम, नाहीतर बोटं काढावी लागतील, कदाचित पाऊलही. आता ज्याने जन्मभर पायाने यंत्र चालवलं त्याला हे सांगितल्यावर तो काय करणार? दादाने थट्टा सुरू केली.

"नाव सांगा," सिस्टर म्हणायची.

"नवरदेव."

"खरं सांगा."

"शेजारच्या पलंगावरचे साहेब."

"मग तुमची गोळी त्यांना देऊ? जन्मतारीख?"

"तुमच्या आधीची."

ती वाटी घेऊन तशीच उभी. रागावणं नाही, घाई नाही. दादाच्या तोंडून खरं नाव बाहेर पडलं की मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची, आणि मगच गोळी. आम्ही तिला नावच ठेवलं, नावबाई. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, "चला, कोणाला तरी माझं नाव लक्षात राहिलं."

एकदा मी विचारलंच, "अहो सिस्टर, रोज बघता ना त्याला? मग हा काय खेळ?"

"ताई, आजारी माणसाला 'तुम्ही अमुकच ना?' म्हटलं की तो हो म्हणून टाकतो. बिचाऱ्याला झोप हवी असते. म्हणून त्यालाच सांगायला लावते. आणि सांगतो कसा, तेही ऐकते."

हे 'कसा' माझ्या डोक्यावरून गेलं. मी मान डोलावली. समजलं नाही की मी नेहमीच डोलावते.

ही बाई या कामात आली तीच मुळी उशिरा. आधी याच इस्पितळाच्या धुलाईखोलीत होती. वॉर्डातून आलेल्या चादरी निवडता निवडता तिला कळायला लागलं, कोण घामाने भिजलं, कोण रात्रभर तळमळलं. माणूस बघितलेला नसायचा, पण चादर बघून जीव तुटायचा. दोन्ही मुली शाळेत जायला लागल्या तसं तिने नर्सिंगचा कोर्स धरला. नवरा म्हणाला, "या वयात?" ही म्हणाली, "वय वाढायचं थांबणार असेल तर नाही करत." मुली आता कॉलेजात आहेत आणि आईच्या नावाने खडे फोडतात. घरात साधा खोकला काढायची सोय नाही, लगेच येऊन कपाळाला हात लावते.

तर त्या दुपारी. मी दादाजवळ बसून एकटीच बडबडत होते. तो ऐकत होता. ही खरं तर धोक्याची घंटा, कारण दादा माझं कधी ऐकतच नाही. पण मला आपलं वाटलं, वा! काय गुणी भाऊ!

नावबाई वाटी घेऊन आली. "नाव सांगा."

दादाने नाव सांगितलं. सरळ. जन्मतारीखही सांगितली, पण अडखळत.

"बघा, सुधारला," मी म्हटलं.

ती हसली नाही. वाटी टेबलावर ठेवली. आधी हात गेला उशीकडे, मग दादाच्या मानेकडे; दोन्ही घामाने चिंब. "ताई, जरा बाजूला व्हा." बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि दारातल्या दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, "डॉक्टरांना बोलवा, साखर फार खाली गेलीय." मग दादाला उठवून बसवलं. "दादा, माझ्याकडे बघा. एक घोट घ्या. गिळा. गिळलंत? शाब्बास." त्याला नीट गिळता येतंय याची खात्री झाली तेव्हा साखरेचं पाणी पाजलं. दादाच्या शर्टाची बाही मी धरून बसले होते ती सोडता सोडवेना. मला पायाची काळजी होती, आणि इथे अख्खा दादाच हातातून निसटत होता.

डॉक्टर आले, तपासलं, तिने काय दिलं ते ऐकून मान हलवली. थोड्या वेळाने तिने पुन्हा सुई टोचली. दादा वैतागून म्हणाला, "अहो, काय माझी चाळण करताय का?"

"आला ठिकाणावर," नावबाई म्हणाली आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून बसली.

मग चौकशी. सकाळी इन्सुलिन दिलेलं, जेवणाचं ताट रिकामं गेलेलं, मग साखर इतकी पडली कशी? शेजारच्या पलंगावरचे साहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवणानंतर त्यांनी ढेकर दिली होती ती मी विसरणं शक्य नाही.

"साहेब?" नावबाई म्हणाली.

"त्यांनीच दिलं हो," साहेब भिंतीशी बोलले. "तीन दिवस देतायत. मला काय माहीत?"

मी दादाला झाडायला तोंड उघडलं. नावबाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला गप्प करायची ही युक्ती आजवर कोणाला जमलेली नव्हती. तिने दादाला हळूच विचारलं, "का हो?"

दादा चादरीची किनार चाचपत राहिला. "साखर कमी झाली की जखम भरते, असंच म्हणाले ना सगळे? म्हटलं, खाल्लंच नाही तर लवकर भरेल. पाय गेला तर मी काय करू, बाई? मला दुसरं काही येत नाही."

मला इतकी वर्षं वाटत होतं, हा माणूस घाबरतच नाही.

"इन्सुलिन साखर खाली आणतं," ती म्हणाली, "आणि वरून तुम्ही जेवला नाहीत तर ती खालीच जात राहते. जखम भरायलाही अन्न लागतं, दादा. उपाशी शरीर कुठून भरून आणणार? चूक माझीही आहे. मी ताट बघितलं, घास बघितले नाहीत." डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी ती किंवा मी समोर. दादा म्हणायचा, "तुरुंगात बरं असतं." पण जेवायचा.

जखम भरली. सावकाश, रडतखडत, पण भरली. पाय राहिला, बोटांसकट. घरी जायच्या दिवशी मी नवे मोजे आणले होते. नावबाईने ते उलटे केले आणि दादाच्या पायाशी बसली.

"हे काय?" दादा म्हणाला.

"उलटेच घालायचे. शिवण आत राहिली तर बोटांना घासते. तुम्हाला तिथे कळत नाही आणि पुन्हा जखम होते."

"बाई, मी शिंपी आहे! शिवण बाहेर काढून फिरू?"

"बुटात कोण बघतंय?"

"मला माहीत असेल ना! शिवण आत, हा नियम आहे. जगात कुठेही जा."

"पायाला नियम माहीत नाही."

"टकळे, सांग हिला काहीतरी," दादा मला म्हणाला. मला एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

"असं करा," नावबाई म्हणाली, "बिनशिवणीचा मोजा शिवून आणा. मी स्वतः सुलटा घालीन. तोवर उलटा."

दादाने मोज्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग पाय पुढे केला.